गिरणीच्या गेटवरचं नेटवर्किंग

लिंक्डइनला पर्याय काय, हा प्रश्न सध्या मित्रमंडळींत फार ऐकू येतो. कुणाचा प्रोजेक्ट संपलाय, कुणी बेंचवर बसलंय, कुणाला तिथल्या आनंदाश्रूंनी भिजलेल्या पोस्टी वाचून मळमळतंय. मग यादी निघते: कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गिटहब, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत, "अरे, कुणाची तरी ओळख काढ आणि रेफरल घे!" यादी ठीकच आहे. पण लिंक्डइन सुरू झाली २००३ साली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या मुंबईत लाखो लोकांनी निव्वळ ओळखीवर नोकऱ्या मिळवल्यात. ते कसं चालायचं, हे बघण्यासारखं आहे.

कावसजी दावर यांची ताडदेवची कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढे गिरण्यांची रांगच लागली. तिथे माणसं भरायचा जॉबर. टीम लीड, एचआर आणि रिक्रूटर, तिन्ही एकाच पगडीखाली! आपल्या खात्यात कोण कामाला लागणार, कोणाला काढायचं, रजा कोणाला द्यायची, सगळं तोच ठरवायचा. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करायची. नोकरी लागली की दस्तुरी द्यायची, आणि कित्येकदा नोकरी टिकवायलाही द्यायची.

नुसता लाचखाऊ म्हणून त्याला मोडीत काढणं सोपं आहे, पण अपुरं आहे. रत्नागिरीहून बोटीने आलेला पोरगा पहिल्यांदा गावकीच्या खोलीवर जायचा. एका खोलीत कितीतरी माणसं, पाळीपाळीने झोपायची. जेवण खानावळीत, पैसे पगारावर. या खोलीतलाच कोणी जॉबरला सांगायचा, "आपल्या गावचा आहे." जॉबरलाही भरवशाची माणसं हवी असायची, कारण सकाळी माग रिकामे राहिले की त्याचीच खरडपट्टी. अनोळखी शहरात खोली, उधारी आणि काम एकाच ओळखीवर मिळत होतं. आपल्या एकाही अ‍ॅपला हे जमलेलं नाही. अर्थात जॉबरशी बिनसलं की तिन्ही एकदम धोक्यात!

ही व्यवस्था एकदा उलटीही झाली होती. १८९६ मध्ये प्लेग आला, माणसं गावी पळाली, आणि गिरण्यांचे लोक रस्त्याच्या नाक्यावर मजुरांसाठी एकमेकांवर चढाओढीने बोली लावू लागले. पगार रोजच्या रोज. आपल्याकडे २०२१ मध्ये ऑफर लेटरं हातात घेऊन घासाघीस चालली होती ना, अगदी तस्सं :-)

असो. आता खरा मुद्दा. गिरणीत चांगला पैसा विणाई खात्यात होता, आणि तिथे अस्पृश्य समाजातल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. म्हणून बरोबरचे सवर्ण विणकरच त्यांना आत येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे संपाच्या पुढाऱ्यांनी नाखुशीने ही मागणी यादीत घेतली. ओळखीच्या जाळ्याला भिंत असते, आणि आतल्या माणसाला ती दिसतसुद्धा नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या २८२ नोकरदारांचा अभ्यास १९७४ मध्ये पुस्तकरूपात मांडला. सुमारे ५६ टक्क्यांना नोकरी ओळखीतून लागली होती. पण ज्याने खबर दिली तो माणूस नेहमी भेटणारा होता असं सहातला जेमतेम एकच सांगत होता. बाकीच्यांना खबर दिली ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांनी. गिरणगावात मात्र सगळी मदार सख्ख्या नात्यांवर. म्हणून आधार पक्का, आणि दरवाजाही पक्का बंद.

सरकारी उपाय हळूहळू आले. व्हिटली कमिशनने १९३१ मध्ये भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यायला सांगितलं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघालं. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा तिथे कळवणं सक्तीचं केलं, पण तिथूनच माणूस घ्या अशी सक्ती केली नाही. म्हणजे ओळख नसलेल्याला कार्ड मिळालं, नोकरीची हमी नाही. तरीही, ओळखीशिवाय रांगेत उभं राहता येणं ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

आमच्या नऊ जणांच्या टीममध्ये सहा जण रेफरलने आलेत, त्यातले चार एकाच कॉलेजचे. कोणीही कोणाला अडवलेलं नाही. बोनसही व्यवस्थित मिळाला.

आमच्या रेफरल फॉर्मवर एक रकाना आहे: उमेदवाराला तुम्ही कसे ओळखता? गेल्या महिन्यात नांदेडच्या एका मुलाचं गिटहबवरचं काम आवडलं, तेव्हा मी तिथे लिहिलं, "ओळखत नाही, कोड वाचलाय." फॉर्म परत आला नाही. त्याचा इंटरव्ह्यू मंगळवारी आहे.