'उधळ्या' राजा आणि भोसल्यांचा लिलाव

आजचा थ्रेड एका इंग्रजी विशेषणाविषयी आहे : 'प्रॉफ्लिगेट'. शब्दकोशात अर्थ मिळतो 'उधळ्या'. पण हे भाषांतर अपुरे आहे.

मराठीत गुलाल उधळतात, लग्नात अक्षता उधळतात, घोडाही उधळतो. उधळण्यात दोष असेलच असे नाही. त्यात आनंद असतो, बेभानपणा असतो. आमच्या शहापुरात लेकीच्या लग्नात हात सैल सोडणाऱ्या बापाला लोक उधळ्या म्हणतात, ते अर्धे कौतुकानेच. 'प्रॉफ्लिगेट'च्या मुळाशी मात्र लॅटिन भाषेतील 'पाडणे, धुळीस मिळवणे' ही क्रिया आहे. तो प्रथम नीतिभ्रष्टासाठी आणि पुढे पैसा उडवणाऱ्यासाठी वापरला गेला. परिणामी खर्चाचा आरोप केला की चारित्र्याचा आरोप आपोआप सिद्ध होतो. (जवळचा 'प्रॉडिगल' हा शब्द मूळचा 'हाकून देणे' या अर्थाचा; म्हणजे आपल्या उधळलेल्या घोड्याचाच भाऊबंद!)

कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या लेखनात देशी राजांसाठी अशी विशेषणे वारंवार येतात. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्याशी निगडित उदाहरण म्हणजे नागपूरकर तिसरे रघूजी भोसले. हे दुसऱ्या रघूजींच्या कन्येचे पुत्र. १८१८ मध्ये ते दत्तक म्हणून गादीवर आले, तेही इंग्रजांच्या संमतीने. अल्पवयात राज्यकारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने पाहिला. १८३० पर्यंत तो टप्प्याटप्प्याने राजाकडे आला.

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी निवर्तले. औरस पुत्र नव्हता. रेसिडेंट मॅन्सेलने राजाचे जे शब्दचित्र रेखाटले त्यात मद्यपान आहे, कुस्ती आहे, पत्ते आणि पतंगही आहेत. गंमत अशी की याच मॅन्सेलने राजघराण्याच्या बाजूने शिफारस केली आणि डलहौसीचा रोष ओढवून घेतला. कौन्सिलमधील जॉन लो यानेही विलीनीकरणास विरोध नोंदवला. उपयोग झाला नाही. वारस नाही, हे कायदेशीर कारण होते. राजाचे दुर्गुण हे त्यावरचे नैतिक लेपण. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि भंडाराही कंपनीच्या अमलाखाली गेला.

आता हिशेब पाहा. राज्याचे उत्पन्न वर्षाला सुमारे ४० लाख रुपये. त्यातून १८२९ च्या करारानुसार ८ लाख रुपये दरवर्षी कंपनीला द्यायचे. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा! राजाच्या पतंगांचा खर्च त्यापुढे किती असेल? रघूजी आदर्श राज्यकर्ते होते असे मी म्हणत नाही. मॅन्सेलचे वर्णन निव्वळ कल्पित मानण्याचेही कारण नाही. परंतु 'उधळपट्टी' कोणत्या रकमेला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार लेखणी धरणाऱ्याकडे होता.

पुढे वाड्यातील चीजवस्तू बाहेर निघाल्या. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध पत्नी बांकाबाई यांनी तीव्र हरकत घेतली. तरीही हत्ती, घोडे, बैल नागपुरात लिलावात निघाले. ते कवडीमोलाने विकले गेल्याची तक्रार तेव्हाच झाली होती. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. या विक्रीसाठी कंपनीच्या दफ्तरात 'प्रॉफ्लिगेट' हा शब्द कोणाला आढळला, तर जरूर कळवा.