काचेच्या कोंबड्याचे वय

रने लालिकच्या काचेच्या प्राण्यांचा काळ ठरविण्यासाठी एक सोपा नियम सांगितला जातो. वस्तूवर ‘आर. लालिक’ अशी नाममुद्रा असेल तर ती 1945 पूर्वीची. नुसते ‘लालिक, फ्रान्स’ असेल तर त्यानंतरची. 1860 साली जन्मलेला हा फ्रेंच कलावंत 1945 मध्ये वारला आणि त्याच्या मुलाने, मार्कने, युद्धानंतर कारखाना पुन्हा सुरू केल्यावर मुद्रेतून वडिलांचे आद्याक्षर वगळले. नियम खरा आहे. तो सर्वांना ठाऊक असणे हीच त्याची अडचण आहे. एका अक्षराने किंमत अनेक पटींनी वाढत असेल, तर ते अक्षर मागाहून कोरणारे हात निपजणारच.

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना हा पेच नवा वाटणार नाही. नकलाकार मूळ पोथीच्या अखेरीस असलेला शक जसाच्या तसा उतरवून ठेवतो. नकल केव्हा झाली ते कागदाला आणि अक्षराच्या वळणालाच विचारावे लागते. एवढाच फरक की नकलाकाराच्या मनात बहुधा कपट नसते.

लालिकने 1925 ते 1931 या काळात मोटारींसाठी काचेची बोधचिन्हे घडविली. ती रेडिएटरच्या झाकणावर बसवीत. सित्रोएनसाठी केलेले पाच घोडे 1925 चे; बुटका कोंबडा आणि गरुडाचे मस्तक 1928 ची. यांपैकी काही प्राणी युद्धानंतर कागदावर ठेवायची वजने म्हणून पुन्हा निघाले. म्हणजे आकार तोच, कारखाना तोच, आल्सासमधील विंजनचा. आकारावरून काळ ठरविण्याची वाट येथे खुंटते.

मग उरते काच. रने लालिकची काच ‘अर्धक्रिस्टल’ होती, तीत शिसे कमी. मार्कने सुमारे 24 टक्के शिशाचे क्रिस्टल आणले. ते अधिक जड, स्वच्छ, लखलखीत. जुन्या काचेत मात्र करड्या किंवा पिवळट रंगाची पुसट झाक दिसते. काही जुन्या वस्तूंना फिकट जांभळी छटाही आलेली असते. काच रंगहीन करण्यासाठी मिसळलेले मँगॅनीज वर्षानुवर्षांच्या उन्हाने रंग धरते. परंतु किरणांचा मारा करून ही छटा कृत्रिमरीत्याही आणता येते, म्हणून केवळ जांभळेपणावर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा तळ पाहावा. दीर्घकाळच्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे असतात. कानशीने किंवा घासकागदाने आणलेले बहुधा एकाच दिशेचे. टवका उडालेली कड घासून सारखी केली असेल, तर उंची कमी भरते. अशा वेळी फेलिक्स मार्सिलाक यांच्या 1989 च्या सूचिग्रंथातील मापे उपयोगी पडतात.

मार्कच्या काळचा कोंबडा बनावट नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याच्यावर ‘आर’ कोरला जातो, तेव्हा एक अस्सल वस्तू खोटी केली जाते. कधी तर मूळची ‘लालिक, फ्रान्स’ ही मुद्राच घासून काढतात. जन्माचा दाखला फाडून नवा लिहावा तसे. त्या जागी काच किंचित खोलगट होते, तिची चमक भोवतालच्या पृष्ठभागाशी जुळत नाही. भिंग घेऊन प्रथम तेथे पाहावे, नावाकडे मागाहून.