यंत्राचा गुणांक, माणसाची सही

युरोपीय संघाचा डेटा संरक्षण नियम, म्हणजे जीडीपीआर, २०१६ साली मंजूर झाला आणि २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे २२वे कलम चारच पोटकलमांचे. खाली त्यातला आशय माझ्या मराठीत, तुकड्यातुकड्याने.

(१) ‘व्यक्तीला असा हक्क राहील की…’
हक्क म्हटला की तो मागायला कुणीतरी यावे लागते. आपला अर्ज यंत्राने फेटाळला हेच ज्याला ठाऊक नाही, तो काय मागणार? लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने म्हणून याचा अर्थ सरळ मनाई असा लावला. व्यक्ती तक्रार करो वा न करो. बरे केले.

‘…केवळ स्वयंचलित प्रक्रियेवर आधारलेला निर्णय…’
कलमाचा सारा भार ‘केवळ’वर. फ्रान्सच्या १९७८च्या कायद्यात आणि युरोपच्या १९९५च्या निर्देशातही ही अट होतीच. पळवाटही तितकीच जुनी: मध्ये एक माणूस बसवा, की कलम गळून पडते. स्क्रीनवरचा आकडा पाहून ‘नामंजूर’वर क्लिक करणारा कारकून कागदोपत्री निर्णयकर्ता ठरतो. जर्मनीत एका अर्जदाराला कर्ज नाकारले गेले, तेव्हा शूफा या पतमापन कंपनीचा बचाव हाच होता: आम्ही फक्त गुणांक देतो, निर्णय घेणारे दुसरेच. युरोपीय न्यायालयाच्या ७ डिसेंबर २०२३च्या निकालाने ही वाट बरीचशी बुजवली. कर्ज देणारा त्या गुणांकावर फार विसंबत असेल, तर गुणांक काढणे हाच निर्णय. आता ‘फार’ म्हणजे किती, यावर वकिलांची चांदी.

‘…ज्याचा कायदेशीर किंवा तितकाच गंभीर परिणाम होतो.’
ऑनलाइन कर्ज, ऑनलाइन नोकरभरती. नियमाच्या प्रस्तावनेत हीच उदाहरणे आहेत.

(२) ‘करार, कायदा किंवा स्पष्ट संमती असल्यास अपवाद.’
तिसरा अपवाद मला खटकतो. ज्याला पैशाची निकड आहे, तो संमतीच्या चौकटीत टिक करणारच.

(३) ‘किमान हे हक्क: माणसाचा हस्तक्षेप, आपली बाजू मांडणे, निर्णयाला आव्हान.’
कारण सांगण्याचा उल्लेख इथे नाही. तो प्रस्तावनेच्या ७१व्या परिच्छेदात आहे, आणि प्रस्तावना बंधनकारक नसते. मग आव्हान द्यायचे ते कशाला? वाट निघाली १५व्या कलमातून, म्हणजे आपल्याविषयीची माहिती मागण्याच्या हक्कातून. ऑस्ट्रियात महिना १० युरोच्या मोबाइल करारासाठी एका ग्राहकाची पत अपुरी ठरली. २७ फेब्रुवारी २०२५ला युरोपीय न्यायालय म्हणाले, नुसते गणिती सूत्र हातात ठेवून भागणार नाही; कोणती माहिती कशी वापरली ते समजेल असे सांगा. माहिती वेगळी असती तर निकाल कसा बदलला असता, हे सांगणेही पुरू शकेल. नाकारल्या गेलेल्या माणसाला एवढे कळले, तरच त्याला भांडता येईल.

(४) ‘संवेदनशील माहितीवर असे निर्णय आधारू नयेत.’
वंश, धर्म, राजकीय मते, आरोग्य अशी यादी ९व्या कलमात आहे. राष्ट्रीयत्व तीत नाही. नेदरलँड्सच्या करखात्याने बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांची जोखीम मोजताना नेमके तेच वापरले. हजारो कुटुंबांवर लबाडीचा ठपका आला, भत्त्याची वसुली झाली आणि जानेवारी २०२१मध्ये या प्रकरणापायी सरकारने राजीनामा दिला. जास्त जोखमीचे ठरलेले अर्ज तपासायला तिथे कर्मचारी होते. यंत्राने एखादा अर्ज का वेगळा काढला, हे मात्र त्यांना कळवले जात नव्हते. अशा तपासणीला माणसाचा हस्तक्षेप म्हणायचे का, हे २२व्या कलमाने कुठेच सांगितलेले नाही.