सोलापुरातली इंजिनबदली: पंपाच्या स्क्रूपासून ईसीयूपर्यंत

ट्रकची चासी आणि बॉडी शाबूत असते, पण इंजिन धूर मारू लागते, तेल खाऊ लागते. बोअर-पिस्टनचे काम दोन-तीनदा होऊन गेलेले असते. अशा गाडीत दुसरे इंजिन बसवण्याचा धंदा ट्रकवाहतुकीइतकाच जुना आहे. सोलापुरात त्याला गिऱ्हाईक पुरवले ते रस्त्यांनी. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 9, विजापूरमार्गे मंगळूरला जाणारा 13 आणि धुळ्याहून येणारा 211 हे तिन्ही या शहरात मिळत. चादरी-टॉवेलच्या गाठी, साखर, डाळी, कांदा असा मालही इथलाच. त्यामुळे ट्रक आणि मिस्त्री या दोघांची इथे कधी वाण पडली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात धावणारे बहुतेक ट्रक अमेरिकी किंवा ब्रिटिश बनावटीचे आणि पेट्रोलवर चालणारे होते. अशा ट्रकांच्या एका मोठ्या उत्पादकाचा सोलापूरशी थेट संबंध आहे. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. पेट्रोल इंजिन ओढायला चांगले, पण खर्चाला भारी. डिझेल स्वस्त आणि ॲव्हरेजही जास्त, म्हणून मालकांची नजर डिझेलकडे वळली. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरचे पी-6 हे इंजिन 1937 मध्ये आले होते आणि पेट्रोल ट्रकमध्ये बसवण्यासाठी ते जगभर खपत होते. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्स इंजिने भारतात बनवायला घेतली आणि त्यांचे सुटे भाग देशातच मिळू लागले.

ही अदलाबदल केवळ नट-बोल्टांची नव्हती. डिझेल इंजिन वजनाला जड, म्हणून पुढचे पाटे वाढवावे लागत. त्याचे फेरे पेट्रोल इंजिनापेक्षा कमी, म्हणून जुन्याच क्राऊन-पिनियनवर गाडी रस्त्याला सावकाश पळे आणि मालक तक्रार करी. ब्रेकचा प्रश्न त्याहून नाजूक होता. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तयार होणाऱ्या निर्वातावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये तो पुरेसा मिळत नाही, त्यामुळे वेगळा एक्झॉस्टर पंप जोडणे भाग पडे. ज्याने हे विसरून गाडी घाटात घातली, त्याला पहिल्याच उतारावर आठवण होई.

1951 मध्ये मायको कंपनी उभी राहिली आणि पुढे डिझेलचे इंजेक्शन पंप देशात बनू लागले. 1954 मध्ये टेल्कोने मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपुरात डिझेल ट्रक बांधायला घेतले. महामार्गावरच्या गावागावांत 'पंप-नोझल'ची दुकाने निघाली ती त्यानंतर. आज ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग म्हणतात ते काम तेव्हा याच दुकानांत होई.

पंप खोलून, प्लंजर-बॅरल तपासून तो कॅलिब्रेशनच्या स्टँडवर चढवतात. स्टँडची मोटर त्याला ठरलेल्या वेगाने फिरवते आणि सहा नळ्यांतून येणारे तेल काचेच्या सहा नळकांड्यांत पडते. ठरावीक फेऱ्यांनंतर सहाही पातळ्या सारख्या दिसायला हव्यात. एखादी खाली राहिली तर त्या प्लंजरची बाही ढिली करून केसभर फिरवायची आणि पुन्हा मोजायचे. एका सिलिंडरनंतर दुसऱ्याचे तेल पंपाच्या कॅमच्या नेमक्या 60 अंशांनी सुटले पाहिजे. नोझल हाताच्या दांडीने चालणाऱ्या टेस्टरवर लावतात. दांडी दाबली की काटा दोनशे बारच्या आसपास चढतो, टरटर आवाज करत बारीक फवारा उडतो, आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंबही राहता कामा नये. मुरलेला मिस्त्री काट्याआधी आवाजावरूनच निकाल देई.

शेवटी राहतो तो जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा स्क्रू. तो शिसे लावून सीलबंद असे, पण सील तोडायला पक्कड पुरे. स्क्रू थोडा फिरवला की पिकअप वाढे, त्यासोबत काळा धूर आणि सायलेन्सरची उष्णताही. ऊस किंवा वाळू ओढणाऱ्या जुन्या गाड्यांत हा प्रकार सर्रास चाले. असे इंजिन एका गाडीतून काढून दुसरीत बसवणे सोपे होते. आपण कोणत्या गाडीत आहोत, हे त्याला कळण्याची गरजच नव्हती. सेल्फला वीज, पंपाला डिझेल आणि बंद करायला एक केबल मिळाली की ते चालू लागे.

हा काळ संपण्याचे एक कारण सोलापूरच्या हवेत सापडते. ऑगस्ट 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत दिल्लीसारखीच चिंताजनक स्थिती असलेल्या शहरांची नोंद घेतली. त्यांत मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा महानगरांबरोबर सोलापूरचेही नाव होते. 1 एप्रिल 2010 रोजी वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-4 निकष देशातल्या 13 शहरांत लागू झाले, तेव्हा सोलापूर त्या यादीत होते. संपूर्ण देशभर ते 2017 मध्येच बंधनकारक झाले. अर्थात राष्ट्रीय परवान्यावर धावणाऱ्या ट्रकांना सूट होती आणि महामार्गावरचा धूर बऱ्याच अंशी त्यांचाच होता, त्यामुळे या मानाचा शहराला फायदा किती झाला असेल याचा अंदाज यावा. तरीही दिशा ठरली होती. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि प्रत्येक नव्या डिझेल ट्रकचे डिझेल संगणकच मोजू लागला.

कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो आणि नोझल कधी, किती वेळ उघडायचे हे ईसीयू ठरवतो. हे इंजिन जुन्या ट्रकमध्ये उतरवले तर फिटिंगपेक्षा वायरिंगच जास्त दिवस खाते. क्रँक आणि कॅमचे सेन्सर इंजिनासोबत येतात. पण ॲक्सिलरेटरचे पेडल, किल्लीची ओळख, गाडीचा वेग, ब्रेकचा संकेत हे सगळे मूळ गाडीत राहिलेले असते. किल्लीची ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. इतर संकेत चुकले तर ईसीयू ताकद आखडती घेतो आणि गाडी जेमतेम सरकते. म्हणून त्या मूळ गाडीचे पेडल आणि वायरिंगचा पूर्ण हार्नेस सोबत उचलावा लागतो. मग लॅपटॉप जोडून क्राऊनचे गुणोत्तर आणि टायरचा घेर नव्याने भरायचा, प्रत्येक इंजेक्टरवरचा कोड नोंदवायचा, धूर रोखण्यासाठी घातलेली डिझेलची मर्यादा नव्या वजनाशी जुळवायची. ही मर्यादा म्हणजे तो जुना स्क्रूच, फक्त शिशाच्या सीलऐवजी आता संकेतशब्द आहे.

कायदाही दरम्यान कडक झाला. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात गाडीतला बदल नोंदवून घेण्याची वाट होती. 1988 च्या कायद्याच्या कलम 52 मध्ये 2000 साली दुरुस्ती होऊन, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई झाली आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका उचलून धरली. मात्र वेगळ्या इंधनावर किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा त्याच कलमात आहे.

याच मुभेच्या दिशेने जाणारा एक धागा सोलापुरातही आहे. 1992 मध्ये इथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी-विदेशी मोटार कारखान्यांना कॅमशाफ्ट पुरवते. 2018 मध्ये तिने ट्रकमधले डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवणाऱ्या इमॉस या डच कंपनीत 51 टक्के हिस्सा घेतला. अशा बदलात पंप, नोझल आणि कॅमशाफ्ट तिन्ही गाडीतून जातात. उरतो तो मोटरचा कंट्रोलर, आणि जुन्या क्राऊनला व चासीला पेलेल इतकाच जोर द्यायचा, हे त्यात भरून द्यावे लागते.