रकान्यातले गाव

गेल्या डिसेंबरात एका लग्नाच्या निमित्ताने इंदूरला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा महू पाहून आलो. इंग्रजांनी १८१८ साली वसवलेली ही लष्करी छावणी. आता गावाचे सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर, पण रिक्षावाल्याच्या तोंडी महूच! १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म इथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ इथल्या लष्करी शाळेत होते. मूळ गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळचे आंबडवे. स्मारकाच्या पायऱ्यांवर बसल्यावर मनात आले, मंडणगड कुठे आणि महू कुठे!

कोकणातला माणूस पोटासाठी दोन वाटांनी बाहेर पडला. एक वाट पलटणीची, ती महूपर्यंत आली. दुसरी बोटीची, ती मुंबई बंदरातून थेट मॉरिशसला गेली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिंदुस्थानातून साधारण साडेचार लाख गिरमिटिये उसाच्या मळ्यांवर गेले. त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडचे आपले मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला.

तिथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, बोटीचे नाव आणि पोचल्याची तारीख लिहीत. १८६० नंतरच्या दशकात फोटोही काढू लागले. हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. पणतू-खापरपणतू तिथे येतात ते हा क्रमांक घेऊन. जुन्या विवाहाच्या दाखल्यावर तो पुष्कळदा सापडतो. क्रमांक मिळाला की बोट मिळते, बोट मिळाली की सोबतचे लोक मिळतात, आणि नशीब असेल तर गावही.

अडचण असते ती नावाची. कारकून साहेबी कानाने ऐके, तसे लिही. आडनावाची नोंद बहुधा होतच नसे. म्हणून पूर्वजाचे नुसते नावच पुढे आडनाव झाले. बाबाजी, सखाराम ही तिकडे आडनावे आहेत. गावाचे स्पेलिंग तर असे, की डोळ्यांनी वाचून कळत नाही, मोठ्याने उच्चारले तरच कळते. आम्हा गोंयकारांना याचे नवल वाटू नये. पोर्तुगीज दप्तरात आमचा शेणय 'सिनाय' झाला आणि कामत 'कामोतिम'.

उलट उदाहरणही याच घराण्याचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. सकपाळ गेले, पण आंबडव्याची खूण नावात राहिली. एका वहीने गाव जपले, दुसरीने माणसाच्या नावातून ते पुसले आणि फक्त रकान्यात ठेवले. तेवढ्या एका रकान्यासाठी आज माणसे समुद्र ओलांडून येतात.

हे मी का लिहितोय? मी स्वतः कारकून. बावीस वर्षे लोकांची नावे वहीत चढवतो आहे. काही वर्षांपूर्वी एक म्हातारी आली. तिच्या नवऱ्याच्या गावाचे नाव चुकीचे पडले होते. अक्षर माझेच होते. मी मान वर न करता सांगितले, "आजी, अ‍ॅफिडेव्हिट घेऊन या." ती गेली, परत आली नाही.

महूहून आल्यावर ती वही मी शोधून काढली. दुरुस्तीचा अधिकार मला नाही, म्हणून साहेबांपुढे रीतसर टिपण ठेवले आहे. बघूया. पण आता गावाचे नाव लिहिण्याआधी मी समोरच्याला ते दोनदा उच्चारायला लावतो. रांग खोळंबते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. शंभर वर्षांनी कोणाचा तरी पणतू ते पान उघडेल.