मूल पळवणारा झोळी घेऊन येत नाही

१ जुलै २०१८. रविवार. राईनपाड्याचा आठवडे बाजार. आमच्या पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं साक्री तालुक्यातलं हे गाव त्या दिवशी देशभर पोहोचलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून, ठेचून मारलं. कारण काय? मोबाइलवर फिरणारी अफवा. मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणे!

त्या हत्याकांडावर पुष्कळ लिहून झालं आहे. अफवा, व्हॉट्सअॅप, जमावाची मानसिकता, पोलिसांची अपुरी संख्या, सगळ्याची चर्चा झाली. एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. या देशात गरिबांची मुलं खरोखर पळवली गेली आहेत. ती कोणी पळवली? झोळीवाल्याने की शिक्कावाल्याने?

मित्रांनो, इतिहास पाहिला तर उत्तर सरळ आहे. मुलं कागदावर पळवली गेली. कायद्याने, संस्थेने, अंगठा घेऊन, "अनाथ" असा शेरा मारून. ज्यांच्याकडे झोळी होती, त्यांची मुलं तर सगळ्यात आधी गेली.

आधी सरकारनेच मुलं काढली

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्मालाच गुन्हा ठरवणारा कायदा. मनूने जे धर्माच्या नावाने केलं, तेच इथे पोलिसांच्या रजिस्टरने केलं. १८९७ साली त्यात दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने सरकारला अधिकार मिळाला की, या जमातींतली ४ ते १८ वयाची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवावीत. युक्तिवाद असा की, मूल आईबापाजवळ राहिलं तर बिघडेल. सुधारायचं तर आधी आईपासून तोडा.

हा युक्तिवाद नीट लक्षात ठेवा. पुढच्या शंभर वर्षांत तो फक्त कपडे बदलून येत राहिला. "ही आई मूल सांभाळायला लायक नाही" हे ठरवणारा माणूस नेहमी वरचा, आणि ती आई नेहमी खालची. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या अशाच तोडल्या गेल्या. १३ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. आपल्याकडे १९५२ साली कायदा रद्द झाला, पण ज्यांची मुलं काढून नेली त्यांची माफी कोण मागणार?

मग संस्थांनी काढली

दत्तकाचा आपल्याकडचा जुना कायदा काय होता? मुलगाच हवा, स्वतःच्या जातीतलाच हवा, कारण पिंडदान आणि वारसा. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने हे बदललं. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागलं, जातीची अट गेली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं, त्याच बिलाचा हा एक तुकडा. त्याच्या १७ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की, दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं किंवा घेणं गुन्हा आहे.

पण परदेशी जोडप्यांना हा कायदा लागू नव्हता. त्यांच्यासाठी वापरला गेला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. कोर्टाकडून पालकत्व घ्यायचं, मूल विमानात बसवायचं, दत्तक तिकडच्या देशात करायचं. विमान उडालं की इथल्या कोर्टाच्या हातात काय राहणार? फाइल! ती फाइलही संस्थेनेच तयार केलेली.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने या व्यवहाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. आधी देशात घर शोधा, आईबापांवर दबाव आणू नका, मूल सोडल्यावर त्यांना फेरविचाराला तीन महिने द्या. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे कारा, उभी राहिली. २००३ साली भारताने हेग कराराला मान्यता दिली. कागदावर सगळं चोख झालं.

आणि तरी पुण्यात प्रीत मंदिर प्रकरण घडलं. २००६ साली एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने तिथला व्यवहार दाखवला. सामाजिक संस्था उच्च न्यायालयात गेल्या. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयकडे तपास दिला आणि संस्थाचालकाला अटक झाली. आरोप असे होते की, गरीब आईबापांना फसवून सोडचिठ्ठीच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि परदेशी जोडप्यांकडून ठरलेल्या रकमेहून जास्त पैसे घेतले. स्टिंगपासून अटकेपर्यंत चार वर्षं! तेवढ्यात तान्हं मूल बोलायला लागतं, आणि ज्या भाषेत बोलायला लागतं ती आईला समजत नाही.

"ठेवलं" आणि "दिलं"

ही फसवणूक इतकी सोपी का झाली? मी ज्या भागात काम करते तिथून पाहिलं की हे लगेच कळतं. आमच्या भागात मूल "ठेवतात". ऊसतोडीला गुजरातेत जाताना आजीकडे ठेवतात. मामाकडे ठेवतात. आश्रमशाळेत, वसतिगृहात ठेवतात. ठेवलेलं परत न्यायचं असतं. दिवाळीला, होळीला, शिमगा उरकला की. भिल्ल, कोकणी, मावची, महार, मांग, कोणत्याही वस्तीत जा, अर्ध्या घरांत कोणीतरी कुठेतरी ठेवलेलं असतं.

कायद्याच्या भाषेतलं दत्तक म्हणजे "देऊन टाकणं". आदेश झाला की जन्मघराशी असलेलं नातं संपलं. आईच्या मनात "ठेवलं" आणि कागदावर "सोडलं". या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत सगळा धंदा चालला. आई म्हणते, दोन वर्षं सांभाळा, नवरा गेला, मी सावरते. कागद म्हणतो, मी माझ्या मर्जीने सर्व हक्क सोडत आहे. खाली अंगठा.

म्हणून बाबासाहेबांचं "शिका" हे नोकरीपुरतं समजू नका. वाचता न आल्याची किंमत काही आयांनी पोटच्या लेकराने मोजली आहे.

मागे राहिलेली बहीण

बाजाराला तान्हं मूल हवं असतं. थोरलं नको असतं. सात वर्षांच्या मुलीला आईचं नाव माहीत असतं, गाव माहीत असतं, ती रडते, ती सांगते. म्हणून भावंडं तुटतात. धाकटं जातं, थोरलं राहतं.

मग घरात गुपित सुरू होतं. थोरलीला सांगतात, भाऊ आजारी होता, गेला. पुढे तिच्या लग्नात कोणाला सांगायचं नाही, सासरी तर नाहीच. आई मरते तेव्हा कोणीतरी म्हातारी कानात सांगते, तुझा भाऊ मेला नव्हता गं. तिकडे सातासमुद्रापार त्या भावाला सांगितलेलं असतं की, तू रस्त्यावर सापडलास, तुला कोणी नव्हतं. एकाच खोट्याची दोन टोकं. दोघंही आयुष्यभर सुतक पाळतात, जिवंत माणसाचं.

हे खोटं किती पद्धतशीर होतं, ते आता बाहेर येतं आहे. १९७३ ते २००२ या काळात भारतातून स्वित्झर्लंडला २,२७८ मुलं दत्तक गेली. झ्युरिक आणि थुर्गाऊ या दोन प्रांतांतल्या दत्तकांवर तिथल्या संशोधकांनी २०२४ साली पुस्तक काढलं. नावाचा अर्थ, "आई अज्ञात". तपासलेल्या फायलींत जन्मदात्यांचं संमतीपत्रच नव्हतं. दक्षिण कोरियात सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की, आईबाप असलेल्या मुलांना कागदावर अनाथ केलं गेलं, ओळखी बदलल्या गेल्या आणि याला शासन जबाबदार आहे.

पुण्यात जन्मून १९७३ मध्ये जर्मनीत दत्तक गेलेल्या अरुण डोहले यांना स्वतःच्याच कागदांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०१० साली ते आईपर्यंत पोहोचले. आज ते बाल तस्करीविरोधी संघटनेत काम करतात. एका माणसाला "माझी आई कोण" हे विचारायला देशातल्या सर्वात वरच्या कोर्टाची पायरी चढावी लागते!

आता नियम आहेत. दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपलं मूळ शोधता येतं. आईबापांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. सख्खी आणि जुळी भावंडं शक्यतो एकाच घरी द्यावीत, असंही आहे. पण हे नियम पुन्हा वाचा. शोधायचा हक्क कोणाला? जो गेला त्याला. तिऱ्हाइताला मनाई आहे. जी बहीण मागे राहिली, ती कायद्याच्या लेखी कोण? तिऱ्हाईत! पांझरेच्या काठावर बसलेल्या बाईने पन्नाशीत विचारलं की माझा भाऊ कुठे आहे, तर तिच्या अर्जाला नियमांत रकानाच नाही. युरोपातून अर्ज येऊ शकतो, पिंपळनेरहून नाही.

"पण मुलाचं भलंच झालं ना?"

हा प्रश्न आपल्यातलेही शिकलेले लोक विचारतात. इथे राहिला असता तर ऊस तोडला असता, तिकडे इंजिनिअर झाला. मग हरकत कसली?

हरकत अशी की, गरिबी हा आईचा गुन्हा नाही. तिला विधवा पेन्शन, रेशन, पाळणाघर, कामाची मजुरी वेळेवर मिळाली असती तर तिने मूल सोडलं असतं का? जी व्यवस्था आईला शंभर रुपये देत नाही आणि तिच्या मुलाच्या बदल्यात परकी नोट घेते, तिला दान म्हणायचं? आणि भलं झालं असेलही, पण भलं करायला खोटं का लागावं? आई जिवंत असताना "अज्ञात" का लिहावं?

दत्तकाला माझा विरोध नाही. असता कामा नये. आपल्या समोर तर दत्तकाचं सर्वात थोर उदाहरण आहे. १८६३ साली त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मणी धर्माने विधवेचं केशवपन केलं, तिच्या पोटातल्या बाळाला पाप म्हटलं, तिला विहीर दाखवली. फुले दांपत्याने तिला दार उघडून दिलं. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुशीवर. शेवटचा भाग पुन्हा वाचा. खुशी आईची! संस्थेची नाही.

त्यांनीही गुप्तता पाळली, हे खरं. पण ती आईचा जीव वाचवण्यासाठी होती, धंदा लपवण्यासाठी नव्हती. आणि त्याच गृहातला ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तेव्हा त्याचा जन्म झाकून ठेवला नाही. जात आड आणली नाही. त्याला डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता सावित्रीमाई गेल्या. ज्या वर्षी सरकार आईपासून मूल तोडायचा कायदा करत होतं, त्याच वर्षी एक आई दत्तक मुलासोबत काम करता करता मरत होती. कोणत्या वारशाचे आपण वारस, ते आपण ठरवायचं.

करायचं काय?

पहिलं, वस्तीत सांगा: मूल सोडण्याचा कागद बाल कल्याण समितीसमोरच होतो, आणि त्यानंतर फेरविचाराला साठ दिवस असतात. दवाखान्यात, संस्थेत, कोणाच्या घरी घेतलेला अंगठा म्हणजे सोडणं नव्हे. १०९८ हा नंबर पाठ करून घ्या. दुसरं, कोणी मूल संस्थेत "ठेवत" असेल तर सोबत जा, कागद वाचून दाखवा, प्रत मागा. तिसरं, मागे राहिलेल्या भावंडांना आणि आयांना शोधाचा अर्ज करण्याचा हक्क मिळावा, ही मागणी लावून धरा. गेलेल्याची संमती जरूर घ्या, पण अर्ज तरी स्वीकारा. चौथं, जुन्या संस्थांची रजिस्टरं जपली जावीत. रजिस्टर जाळलं की माणूस दुसऱ्यांदा अनाथ होतो.

आणि घरात असं गुपित असेल तर ते बोला. लाज त्या आईची नाही. तथागतांनी दुःख लपवायला सांगितलं नाही, त्याचं कारण शोधायला सांगितलं.

पुढच्या वेळी मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवण्याआधी राईनपाड्याची ती पाच प्रेतं आठवा. ती माणसं भिक्षा मागायला आली होती. तिच्यासारख्यांची मुलं नेणारे कधी भिक्षा मागत आले नाहीत.

जय भीम!