पानशेत प्रलय : चौकशी, दायित्व आणि शोक

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले. खालच्या खडकवासला धरणालाही भगदाड पडून मुठेच्या पुराने पुण्याच्या नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. विमोचकाचे काम अपुरे असतानाच पाणी साठले व त्यावरील भराव खचला. जवानांनी वाळूची पोती रचून धरण रात्रभर तगविले. लोंढा दिवसा आल्याने असंख्य प्राण वाचले.

न्या. बावडेकर यांच्या निधनानंतर चौकशी न्या. नाईक यांच्याकडे आली. तथापि, चौकशी आयोग कारणमीमांसा करतो. शिक्षा देण्याचा अधिकार त्यास नसतो. पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. परंतु पुनर्वसनाने निवारा मिळतो, दायित्व ठरत नाही. मृतांच्या संख्येवरही एकमत झाले नाही. ज्यांची गणतीच झाली नाही, त्यांच्यासाठी न्याय मागणार तरी कोण, हा प्रश्न म्हणूनच उरतो.